अमावास्येला हलणारा ठिपका

अन्याय झाला तो रत्नावर. पंच्याऐंशी सालच्या दिव्यांच्या अमावास्येपासून शहाऐंशीच्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे शेपटीचा तारा आला त्या अमावास्येपर्यंत, बेळगावच्या वडगावात, आमच्या घराला पाठ लावून उभ्या असलेल्या घरात. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं मी एका माणसाबद्दल लिहिणार आहे, त्याच्याबद्दल लिहिताना मला हसू आवरत नाही, आणि हसण्याच्या नादात रत्नाला विसरायची सोय मी कुणालाही देणार नाही. हा माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणतो. उभ्या बेळगाव जिल्ह्यात त्यांच्याइतका सरळ माणूस झाला नाही, आणि सरळपणाच्या नावाखाली इतक्या लोकांना छळणाराही दुसरा झाला नाही.

सरळ म्हणजे स्वभावानं नव्हे; स्वभावानं ते चांगलेच तिरसट. सरळ म्हणजे गवंड्याच्या ओळंब्यासारखे. खरोखरचा पितळी ओळंबा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा, लोकांच्या खिशात कंगवा असतो तसा. कुणाच्या घरी गेले की चहा यायच्या आत भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी सरळ करून मोकळे. यजमानांचे वाडवडील, देवदेवता, कॅलेंडर, कुणाची गय नाही. एके ठिकाणी मयताच्या घरी भेटायला गेले आणि हार घातलेला नवा फोटो त्यांनी असा काही निरखून हलवायला घेतला की रडणाऱ्या बायका रडायच्या थांबून "आणि जरा डावीकडं" असं सांगू लागल्या. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तर कहर झाला. मंगलाष्टकं चालू, वऱ्हाडी अक्षता घेऊन उभे, आणि मामा एकदम ओरडले, "थांबा! अंतरपाट नवऱ्याकडनं खाली हाय!" खिशातून ओळंबा निघाला. भटजींच्या तोंडातलं कडवं तोंडातच राहिलं. आत्यानं मामांचा हात धरून त्यांना जे खाली बसवलं ते शेवटची पंगत उठेपर्यंत सोडलं नाही. ते जोडपं आज सुखानं नांदतंय, हे मामांना अजून पटलेलं नाही.

त्यांची एक स्कूटर होती. तिच्या आरशाचा कोन त्यांनी एकदा असा जमवला की मागच्या सीटवर कुणी बसलं तर स्प्रिंग दबून तो बिघडायचा. उपाय सोपा होता. मागं कुणी बसायचं नाही. शहापूरच्या बाजाराला आत्या सिटी बसनं जायची आणि मामा त्या बसच्या मागून स्कूटरवर. आत्या म्हणायची, "लगीन झाल्यापासनं ह्यांच्या आरशात मी तेवढी मावत न्हाय." मामा कॉलेजात भौतिकशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. प्रयोगशाळेतल्या पोरांच्या कलकलाटावर आवाज चढवता चढवता त्यांचा आवाज तिथंच अडकून पडला होता. कुजबुजणं म्हणून काही असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आत्याच्या कानात सांगितलेली गोष्ट कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला आधी कळायची. मी निपाणीची, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांसाठी पत्रकं लिहिते. शिकायला म्हणून आत्याकडं राहिले होते. मामा माझं प्रत्येक पत्रक वाचायचे आणि एवढंच म्हणायचे, "मजकूर बरा हाय. पर छापताना डावीकडची ओळ वाकडी आली."

अशा माणसानं दुर्बीण करायला घ्यावी यात नवल नाही. पण तिला कारण होतं, आणि ते कारण मामांच्याच घरातल्या मागच्या खोलीत पुरलेलं होतं. मामांची आई त्या खोलीत खड्डामागावर लुगडी विणायची. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. म्हातारी एक दिवस विणता विणताच गेली. हातात धोटा, पाय खड्ड्यात. मामांनी खड्डा मुरूम घालून बुजवला, वर शहाबादी फरशी बसवली, आणि त्यानंतर त्या खोलीत कुणी अंथरूण घातलं नाही. कुणी मनाई केली नव्हती. घातलं नाही एवढंच. म्हातारीनं लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून शेपटीचा तारा बघितला होता. मामा लहान असताना ती त्यांना सांगायची, "त्यो परत येणार हाय म्हणत्यात. मी काय तवर न्हाय रं. तू बघ माझ्या वाटणीचा." मामांना तो तारा बघायचा होता तो तिच्या वाटणीचा, आणि तो वाकडा दिसून चालणार नव्हतं.

दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतः घासला. पुढच्या अंगणात पिंप उभं करून त्यावर जाड काच ठेवली, आणि तिच्यावर दुसरी काच घासत महिनोन् महिने ते पिंपाभोवती गोल फिरत राहिले. समोरच्या घरातल्या म्हातारीला वाटलं नवस असणार. ती रोज सकाळी येऊन पिंपाला हळदकुंकू वाहून जायची. नळी टिनवाल्याकडून करवून घेतली, तर त्यानं ती बंबाचं धुराडं समजून वर टोपी बसवून दिली. गल्लीत तिला मामांची तोफ म्हणायचे. सीमाप्रश्नावरून शहर तापलेलं असायचं ते दिवस. वडगावात कुणीतरी तोफ केलीय ही बातमी जायची तिथं गेली आणि एक हवालदार चौकशीला आला. "एनिदू?" म्हणजे हे काय? मामांनी त्याला डोळा लावायच्या भोकात बघायला लावलं. भिंग न बसवता त्या भोकात पाहिलं की दोन आरशांतून फिरून आपलाच डोळा आपल्याला दिसतो. वर्तुळात वर्तुळ, त्यात वर्तुळ, आणि मधोमध एक मोठा, ओला, न ओळखणारा डोळा. हवालदार दचकून मागं सरला. "ओळग यारो अदार!" आत कुणीतरी आहे, एवढं बोलून तो टोपी सावरत गेला तो परत आला नाही. आत्यानंही एकदाच बघितलं. "आपलाच डोळा, आणि आपल्याला वळखत न्हाय. झाका ते," म्हणाली, आणि त्या दिवसापासून नळीच्या तोंडावर तिचं जुनं लुगडं असायचं.

आता आरशांचं थोडं सांगायला हवं. दुर्बिणीच्या तळाशी मोठा आरसा, तोंडाशी छोटा तिरपा आरसा. दोघांची नजरानजर नेमकी झाली नाही तर ताऱ्याचा ठिपका न दिसता त्याला झाडूसारखी शेपटी फुटते. मामा म्हणायचे, "शेपटीच्या ताऱ्याला त्याची त्याची शेपटी पुरे हाय. माझी नको." यासाठी त्यांनी कॉलेजातला लेसर वापरायचं ठरवलं. प्राचार्यांची परवानगी काढून महिन्यातून एक दिवस ते ती लांबुळकी पेटी लहान मुलाच्या दुपट्यात गुंडाळून स्कूटरवरून घरी आणायचे. पेटीतून निघणारा लालभडक किरण डोळा लावायच्या भोकातून आत सोडायचा. तो छोट्या आरशावर आपटून मोठ्या आरशाच्या मध्यावर पडला पाहिजे, आणि आल्या वाटेनंच परतला पाहिजे. परतलेला ठिपका निघाल्या भोकात बुडाला की दोन्ही आरसे जुळले. आम्हालाही दिसावं म्हणून परतीच्या उजेडातला थोडा काचेच्या एका तुकड्यानं वळवून त्यांनी समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पाडला होता. आरशाचा स्क्रू केसभर फिरला तरी भिंतीवर तो लाल ठिपका वीतभर पळायचा.

पण वडगावात ठिपका स्थिर राहणार कसा? घरोघर यंत्रमाग. जमीन कायम थरथरत असते, आणि इथं जन्मलेल्या माणसाला ती थरथरते हे ठाऊकही नसतं. भिंतीवर ठिपका पडायचा तो कुंकवाचं बोट पुसल्यासारखा फराटा. म्हणून मामांनी अमावास्या धरली. अमावास्येला आमच्याकडं माग बंद. हातमाग बंद, यंत्रमाग बंद, धोट्याला कुणी बोट लावत नाही. लावलं तर देवीचा कोप होतो आणि गल्लीचा त्याच्याही आधी होतो. मामा कॉलेजात रजा टाकायचे. रजेच्या अर्जात दर महिन्याला एका नव्या सासऱ्याचं श्राद्ध असायचं.

दिव्यांची अमावास्या. भर दुपार. बाहेरगावच्या माणसाला वडगावातली ती दुपार कळायची नाही. रोज ज्या आवाजात आपण बोलतो, जेवतो, भांडतो, तो आवाज जमिनीखाली कुणीतरी ओढून घेतल्यासारखा नाहीसा होतो. पोरंसुद्धा त्या शांततेत हळू चालतात. आम्ही दारं लावली, खिडकीला पोतं लावलं. किरण दिसावा म्हणून आत्यानं ऊद जाळला. धुरातून ती लाल रेघ गेली, नळीत शिरली, आणि समोर भिंतीवर ठिपका उभा राहिला. स्थिर. भिंतीला टोचून रक्त आल्यासारखा. मामा स्क्रूला हात घालणार एवढ्यात ठिपका उडाला. जागेवर आला. थांबला. पुन्हा उडाला. दोन लहान झटके, एक मोठा, मग थांबणं. पुन्हा दोन लहान, एक मोठा.

आवाज काहीसुद्धा नव्हता. नुसता ठिपका. मामांनी लेसरची पेटी तपासली, टेबलाचे पाय तपासले, मांजराला बाहेर घालवलं, मला श्वास धरायला लावला. ठिपक्याची चाल बदलेना. शेवटी ते म्हणाले, "ही खड्डामागाची चाल हाय. दोन पावड्या आणि एक ठोक." आत्या म्हणाली, "आज अमावास्या हाय." झालं. एवढ्यावर बोलणं संपलं. वडगावातल्या माणसाला यापुढं काही बोलायचं उरत नाही. चाल मागाची आहे आणि आज माग चालत नाही, तेव्हा हा माग जिवंत माणसाचा नाही. हा हिशेब आमच्या तिघांच्याही मनात एकदमच झाला, आणि तिघांचीही नजर पायाखालच्या शहाबादी फरशीवर गेली. मी, पत्रकांतून भुताखेतांची आणि भानामतीची टर उडवणारी, पाय वर घेऊन स्टुलावर बसले.

मामा फरशीवर गुडघे टेकून बसले आणि त्यांच्या त्या प्रयोगशाळेतल्या आवाजात म्हणाले, "आई, जरा थांब गं. आरसं जुळवू दे."

ठिपका थांबला.

आत्यानं डोक्यावर पदर घेतला, सासूसमोर घेतात तसा. मामा मात्र रडत नव्हते आणि घाबरलेही नव्हते. ते लाजल्यासारखे हसले. "ऐकती गं माझं," म्हणाले. "जित्तेपणी कधी ऐकलं न्हाय."

त्यानंतर मामा बदलले. लोकांच्या घरच्या तसबिरी वाकड्याच राहू लागल्या. कॉलेजात अंधश्रद्धेवर पोरांना फैलावर घेणारा हा माणूस महिनाभर अमावास्येची वाट बघायचा, कॅलेंडरवर इतर लोक पगाराची तारीख बघतात तसा. त्या दुपारी फरशीवर एक कप चहा ठेवायचा, दोन चमचे साखर, म्हातारीला आवडायचा तसा. मग मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात आईचा फोटो ठेवलेला होता त्याच्याकडं तोंड करून बोलत बसायचे. "आई, दमलीस का गं? किती वेळ बसतीस? पाय आखडत न्हाईत व्हय?" ठिपका थांबायचा. थोड्या वेळानं पुन्हा चालू व्हायचा, आधीपेक्षा हळू. "आई, तुझा तारा निघालाय बघ. दक्षिणेकडनं येतोय." ठिपका थांबायचा. कधी कधी मामा विचारायचे, "आई, जेवलीस?" आणि ठिपका फार वेळ थांबायचा. त्या वेळी खोलीत उदाच्या धुराशिवाय काही हलत नसे. आत्या एकदा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "मेल्यावर बी मागावरच बसली बाई. ह्या घरात बाईला सुट्टी न्हाय बघ." ती हसून म्हणाली होती. आरसे काही जुळत नव्हते. मामांना आता ते जुळवायचे होते का, हेही मला कळत नव्हतं.

रत्नाचं नाव मी त्या वर्षात एकदाच ऐकलं. आमच्या मागच्या घराचं तोंड पलीकडच्या गल्लीत. आमच्यात आणि त्यांच्यात फक्त पाठीला पाठ लावलेल्या जाड भिंती. आत्यानं भाजी निवडताना सांगितलं होतं, "त्यांची थोरली सून माहेरी गेलीय म्हणं, येळ्ळूरला. लई दिवस झालं." मी "हं" म्हटलं होतं.

मग तारा आला. पाडव्याच्या आदल्या दिवशीची अमावास्या. पेपरात रोज ताऱ्याची जागा छापून यायची, आणि त्या रात्री तो दक्षिणेकडं सगळ्यात जवळ असणार होता. मामांनी नवा सदरा घातला होता. दुपारी दारं लावली, ऊद जाळला. ठिपका नेहमीच्या चालीनं नाचत होता, पण अडखळत. मामा कोनाड्याशी गेले. "आई, आज अजिबात बसू नकोस. आज तुला सुट्टी. सांजच्याला तुझा तारा दावतो तुला."

ठिपका थांबला. मामा स्क्रूकडं वळले. आणि ठिपका पुन्हा उडाला, पण या वेळी चाल नव्हती. एक झटका. मग काही नाही. मग दोन झटके लागोपाठ, वेडेवाकडे. मामांचा हात हवेतच राहिला. "आई? पाणी पायजे का?" आणि ठिपका भिंतीवरून असा पळाला की पार कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. परत परत. कुणीतरी मुठीनं मारत होतं.

मामा ठिपक्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा मला त्या लाल उजेडात दिसला आणि तो भुताला भ्यालेल्या माणसाचा नव्हता. "आडवा पळतोय," ते म्हणाले. "काय?" "ठिपका. खालच्या खड्ड्यातनं धक्का आला तर तो उभा नाचंल. हा आडवा नाचतोय. भिंतीतनं येतोय गं हा."

"आत्ता?" मी विचारलं.

"न्हाय," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पहिल्या दिवसापासनं."

मी पलीकडच्या गल्लीत धावले. दाराला बाहेरून कुलूप. शेजारी म्हणाले, "समदी देवाला गेल्यात, अमावास्या न्हवं का." परत येते तर मामा पोटमाळ्यावरून छपरावर चढून मागच्या घराची कौलं काढत होते. आणि काढलेली कौलं, वाचकहो, एकावर एक सरळ रचून ठेवत होते! मी खालून बोंबलले, "मामा, फेका ती!" तर वरून उत्तर आलं, "फेकली तर खाली कुणाच्या डोस्क्यात पडतील!" ते बरोबर होते. तरीही मला त्यांना तिथंच ढकलून द्यावंसं वाटलं.

शिडी सोडून मी आणि आत्या उतरलो. अंधारी खोली, आमच्या भिंतीला लागून खड्डामाग. आवाज होऊ नये म्हणून मागाच्या लाकडांना चिंध्या गुंडाळून तो मुका केलेला. खड्ड्यात पाय सोडून रत्ना बसली होती, डोकं विणलेल्या कापडावर टेकलेलं, अंग तापानं फणफणलेलं. पाण्याचा तांब्या दूर कोपऱ्यात लवंडला होता. आत्यानं आणलेलं पाणी ती प्यायली. मग तिनं पहिला प्रश्न विचारला तो आपल्याबद्दल नव्हता.

"तुमची आजी कशी हाय?"

"कुठली आजी?" मी विचारलं.

"तुमच्यात बी अमावास्येला मागावर बसवत्यात न्हवं एका म्हातारीला? त्यो बाप्या म्हणायचा की. आई थांब गं, आई दमलीस का गं. मला समदं ऐकू यायचं."

वर छपराच्या भोकात मामांचं डोकं होतं. ते हललं नाही.

आत्या म्हणाली, "अगं मग हाक मारायची न्हाय व्हय? येवढं महिनं?"

"कुणाला मारू, आक्का? सोताच्या आईला मागावर बसवणारा माणूस त्यो. त्यो मला सोडवणार व्हय?"

"मग आज का ठोकलंस?"

"आज त्यानं आईला सुट्टी दिली," रत्ना म्हणाली. "म्हटलं, बदलला आसंल. मागून बघावं, पाणी तरी दील."

तिचा नवरा भिवंडीला यंत्रमागावर होता आणि तिथं त्यानं दुसरी बाई केली होती. सासरच्यांनी रत्नाला हाकललं नाही. हाकलली असती तर विणलं कुणी असतं? गल्लीला सांगितलं, माहेरी गेलीय. माहेरी सांगितलं, भिवंडीला नवऱ्याकडं गेलीय. दोन्हीकडच्यांनी मान हलवली. आणि तिला मागच्या खोलीत बसवलं. इतर दिवशी तिचा माग साऱ्या वडगावच्या मागांत बुडून जायचा. अमावास्येला तेवढा तो एकटा पडायचा, म्हणून चिंध्या. "तुला कसली अमावास्या," सासू म्हणायची, आणि बाहेरून कुलूप लावून सगळे देवाला जायचे. तोंडातून आवाज काढलास तर गल्ली तुलाच दगड मारील, असं तिला बजावलेलं होतं. मला वाटतं ते खोटं नव्हतं.

उन्हं कलल्यावर मामांनी स्कूटर काढली. मधे रत्ना, तिला धरून मागं आत्या. लग्नानंतर पहिल्यांदा आत्या त्या सीटवर बसली. स्प्रिंग दबली, आरसा फिरला आणि त्यात नुसतं आभाळ दिसायला लागलं. मी म्हटलं, "मामा, आरसा." त्यांनी बघितलंसुद्धा नाही. येळ्ळूरला रत्नाच्या आईच्या दारात त्यांना बसवून घेतलं गेलं. कोण तुम्ही, पोरगी कुठं होती, तुम्हाला कसं कळलं. मामा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत राहिले. त्या रात्री आभाळ काचेसारखं होतं असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते. मामा आतल्या खोलीत, पाठ दाराकडं करून बसलेले होते. दुसऱ्या दिवसापासून माग पुन्हा सुरू झाले, आरसे जुळवायची सोय राहिली नाही, चंद्र वाढत गेला, तारा फिकट झाला आणि निघून गेला. आता तो यायचा तेव्हा आमच्यातलं कुणी नसेल.

आणि गल्लीनं काय केलं तेही ऐका. गल्ली पेटून उठली. सभा भरली. अमावास्येला माग चालला म्हणून! त्या घरानं देवीला नैवेद्य केला, गल्लीला जेवण घातलं, आणि प्रकरण मिटलं. बाईला कोंडलं याबद्दल एकाही तोंडातून एक शब्द निघाला नाही. उलट मामांना विचारलं गेलं की दुसऱ्याची कौलं काढायचा तुम्हाला अधिकार काय. मी पत्रक लिहिलं, छापलं, दारोदार वाटलं. लोकांनी त्यात भजी बांधून नेली. रत्ना येळ्ळूरला आईजवळ आहे. तिला माग नकोसा झालाय, शेतात जाते. तिचा पोटगीचा दावा चालू आहे, आणि साक्षीदार म्हणून मामा प्रत्येक तारखेला नवा सदरा घालून जातात.

पाडव्यानंतरच्या अमावास्येला मामांनी पुन्हा लेसर आणला. आत्यानं ऊद जाळला. भिंतीवर ठिपका उभा राहिला आणि हललाच नाही. मामांनी अगदी सावकाश तिन्ही स्क्रू फिरवले. ठिपका सरकत सरकत गेला आणि निघाल्या भोकात बुडाला. आरसे जुळले. किती महिने ज्यासाठी धडपड केली ते पाच मिनिटांत झालं. मामा बराच वेळ रिकाम्या भिंतीकडं बघत बसले. फरशीवरचा चहा गार झाला.

"तुझं पत्रक खरं हाय गं," ते मला म्हणाले. "ओळ न् ओळ खरी हाय. ती पोर सुटली, लई चांगलं झालं. पर माझी आई गेली बघ त्यात. येत न्हाय आता." मग गार झालेला कप उचलत म्हणाले, "चांगलंच झालं म्हणा. तिला बी सुट्टी पायजे होती."

वाचकहो, वडगावाहून येळ्ळूरला सायकलनं जाता येतं. एवढे महिने कुणी गेलं नाही. तुमच्या गल्लीत, तुमच्या वाड्यात, तुमच्या भावकीत अशी एक सून आहे जिच्याबद्दल तुम्ही ऐकलंय की ती माहेरी गेलीय, आणि ऐकून तुम्ही मान हलवलीय. तिच्या माहेरचं गाव तुम्हाला माहीत आहे. उठा आणि आज तिथं जाऊन या. ती तिथं आहे का, हे दुसऱ्या कुणाला विचारू नका. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मगच घरी येऊन जेवा.